कुकर लागलाय, ठेवते

माय, तुझे गुडघे कसे आहेत आता? उठताना अजून जमिनीला हात टेकावा लागतो का? अण्णांचा खोकला थांबला का, की तिकडंही पहाटेच सगळ्यांना जागं करतात? धाकटा भाऊ गोवरात गेला तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याचं अंग निवलं असेल ना? तो वाढत असेल तर एव्हाना त्याचेही केस पिकले असतील, पण मला ते काही डोळ्यांपुढं आणता येत नाही. आणि आमचे हे तुमच्याकडं आले त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. त्यांच्या साखरेकडं लक्ष ठेव. गोड मागतील, एकच घास म्हणतील, तोंड बारीक करतील. देऊ नकोस. जावयाला नाही म्हणणं तुला कधी जमलं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. तुम्ही सगळी एका छपराखाली असाल असं धरून मी विचारतेय. नसाल तर ज्याची गाठ पडेल त्याला माझं विचारणं सांग.

तुला वाचता येत नव्हतं, पण अण्णा वाचून दाखवतील. माझं अक्षर बघून त्यांना नवल वाटेल. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं मी डब्यांवर पोरांची नावं नि खोल्यांचे नंबर लिहून लिहून शिकले. उस्मानपुऱ्यातल्या याच दोन खोल्यांतून सव्वीस-सत्तावीस वर्षं डबे गेले. शिकायला आलेली गावोगावची पोरं, कुणी पैठणकडचं, कुणी पार कन्नडच्या पुढचं. आता डबे बंद आहेत. मोठी पातेली माळ्यावर पालथी घालून ठेवलीत. तीस जणांच्या अंदाजानं मीठ टाकणारा हात एकट्या जिवाच्या भाजीत मीठ टाकताना चुकतो बघ. एकदा खारट, एकदा अळणी. मग करायचंच कशाला, असं होतं.

लेक पुण्याला आहे, मुलगा नि सून हैदराबादला, धाकटी बहीण पैठणला, तिचं सासर तर तुला ठाऊकच आहे. सगळे चांगले आहेत. लेकीनं आम्हा सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप केलाय. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला ती त्यावर एकच ओळ टाकते, "आज काय केलंय?" मग प्रत्येकानं आपापल्या घरी रात्रीच्या जेवणाला काय शिजतंय ते लिहायचं. सून पावभाजीचा फोटो टाकते, वर लोण्याचा गोळा. बहीण मेथी-भाकर लिहिते नि खाली टोमणा मारते, आम्ही बापडे गरीब, आमच्यात लोणी नसतं. नात हसणारी तोंडं टाकते. गंमत असते तशी. पण तो प्रश्न तुझा आहे, माय. लेक लहानपणी फोन उचलायला धावायची, पलीकडून तू हेच विचारायचीस, ते तिच्या जिभेवर बसलंय. तिला ते आठवतही नसेल. मला मात्र दर शनिवारी सात वाजता फोन उजळला की आधी रुपया पडल्याचा खट्ट आवाज ऐकू येतो, आणि मग तू.

आपल्या गावचा बाजार शनिवारचा. कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर तो लाल डबा फोन टांगलेला असायचा. बाजार उठताना तू तिथं यायचीस आणि मला लावायचीस. माझी तीच घाईची वेळ, एका खांद्यात रिसीव्हर दाबलेला, हातात पळी. तू विचारायचीस, काय केलंय गं आज? मी पोरांच्या डब्याचं सांगायची. मग मी विचारायची, तू काय केलंस? तू तर असं रंगवून सांगायचीस की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. आज धपाटे लावले, दहीबी जरा होतं. आज डाळ-वांगं, वांगी लई कवळी मिळाली. आज शेंगोळे. एकदा म्हणालीस, "तुझ्या येसराची आमटी केली बाई. झ्याक झाली. तिखट तेवढं पुढं आलं." त्या चैत्रात मी गहू, डाळ, खडा मसाला सगळं भाजून-दळून येसराचा डबा भरून दिला होता तुला. तिखट पुढं आलं म्हणालीस ते मला खरं वाटलं, कारण खोड काढल्याशिवाय तू कुणाच्या हातचं कधी खाल्लं नाहीस. मी म्हणाले, पुढच्या खेपेला मिरची कमी घालते. आणि तसं डब्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहूनही ठेवलं.

अण्णा गेल्यावर तू वर्षभर एकटी होतीस. फुलंब्रीच्या पुढं आपलं गाव, बसनं तास-सव्वातासाची वाट, काही काशी-रामेश्वर नव्हतं. मी म्हणायची, इकडं ये राहायला. तू म्हणायचीस, जावयाच्या दारात किती दिस बसावं माणसानं. मग मी म्हणायची, मी येते. आणि डबे आडवे यायचे. परीक्षा आली, सुट्टी संपली, नवीन पोरं आली. तीस जणांच्या पोटाचं कारण माझ्याकडं नेहमी तयार असायचं, आणि ते खोटंही नसायचं.

त्या शेवटच्या शनिवारी तू फोन केलास. नेहमीसारखं विचारलंस, मी सांगितलं. मग मी विचारलं, तू काय केलंस? मागं बाजारातल्या एका बाईचा आवाज येत होता, टोपल्यात राहिलेली मिरची ती ओरडून विकत होती. मग तू म्हणालीस, "आज काय नाय केलं बाई."

एवढंच. वर्षभरात पहिल्यांदा. आणि मी काय म्हणाले? "बरं केलंस. आराम कर. कुकर लागलाय, ठेवते."

बुधवारी निरोप आला.

तुझं सगळं आटोपल्यावर, बायका निघून गेल्यावर, मी चहा ठेवायला म्हणून चुलीपाशी गेले. चुलीत राख होती, पार गार, आणि त्या राखेत एक गोल खळगा होता. कुणीतरी मऊ अंग वेटोळं करून बसल्यासारखा. हात लावला तर मांजराचे केस निघाले. मांजर एक दिवस निजून खळगा इतका खोल होत नाही, माय. रोजचं झालं होतं ते. वर फळीवर येसराचा डबा होता. त्याच्या तोंडावर माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं, आणि त्यावर मी बांधलेली गाठ. माझी गाठ मला कळते. दोन वेढे नि वरून निरगाठ, डब्यांच्या पिशव्यांना मी तीच मारायची. कुणी ती सोडलीच नव्हती. तिखट पुढं आलं म्हणालीस तू.

समोरच्या काकू चहा घेऊन आल्या. मी डबा हातात धरून उभी, ते त्यांनी बघितलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "तुझी माय शनिवारी दुपारपासून दारोदार फिरायची. काय केलंय गं आज, म्हणून इचारायची. आम्ही म्हणावं, बस, चार घास खा. तर ताटाला हात लावायची नाय. लेकीला सांगायचं हाय म्हणायची." मी विचारलं, मग खायची काय? त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, च्या, कधी त्यात पाव, कधी कुणी बळंच दिलेली भाकर. एकटीपुरती चूल कुठं पेटवायची म्हणायची. धपाटे काकूंच्याच घरचे होते. डाळ-वांगं कोपऱ्यावरच्या घरचं. वर्षभर मी तुझ्या तोंडून अख्ख्या गल्लीचा सैपाक ऐकत होते, एक तुझा सोडून.

आता आजचं सांगते, म्हणजे हा कागद का काढला ते कळेल.

हे गेल्यापासून मी शनिवारी जे लिहिते, ते या बिल्डिंगच्या जिन्यात असतं. सहा-साडेसहाला पायऱ्या उतरत, घरोघरचे वास घेत गेटपर्यंत जायचं नि परत यायचं. वरच्या आपा तहरी करतात, त्यांचा तो मसालेभात, तेव्हा खड्या मसाल्याचा वास दुसऱ्या मजल्यापासूनच येतो. त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिते, आज तहरी केली, वरच्या आपांकडून शिकले. बहीण लिहिते, म्हातारपणी नवे चोचले. सगळे हसतात. मी दोन खारी चहात बुडवून खाते नि फोन पालथा ठेवते. कुणाचं नुकसान नव्हतं त्यात. काळजी लागायला नको पोरांना, एवढंच मनात. तू हे वाचून मान हलवत असशील. हो, तुझंच आहे ते. मला कुणी शिकवलं नाही, आपसूक हाताला आलं.

आज खालच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला. मी लिहिलं, पिठलं-भाकर. लेक म्हणाली, आई, आज फोटो टाक ना, नेहमी नुसतं लिहितेस. माझं धाबं दणाणलं. फोनमध्ये मागं मागं जात एक जुना पिठल्याच्या ताटाचा फोटो सापडला, कडेला फोडलेला कांदा, हिरवी मिरची. म्हटलं, पिठलं काय, कालचं नि दोन वर्षांपूर्वीचं सारखंच दिसतं. टाकला. बहिणीनं लिहिलं, वा. सुनेनं लिहिलं, आई, तोंडाला पाणी सुटलं. आणि मग नात. दहा वर्षांची आहे, तिची नजर कुठं असते काय सांगावं. तिनं लिहिलं, "आजी, कांद्याजवळ आजोबांचा हात आहे."

मी चष्मा पुसून बघितलं. होता. ताटाच्या कडेला, कांद्याची फोड उचलायला आलेली दोन बोटं नि मनगट, मनगटावर ते पट्टा तुटलेलं घड्याळ, दोऱ्यानं बांधलेलं. फोटो काढताना मी त्यांना ओरडले होते, थांबा की जरा, काय पळून चाललंय का ताट.

त्यानंतर ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. पावभाजी तशीच, मेथी तशीच. पाचेक मिनिटांत लेकीचा फोन आला. मी उचलला. ती म्हणाली, "आई, जेवलीस?"

"जेवले गं."

"काय जेवलीस?"

"लिहिलं ना, पिठलं. बरं, कुकर लागलाय, ठेवते."

ती मग हळूच म्हणाली, "पिठल्याला कुकर कशाला लागतो, आई?"

मी फोन ठेवून दिला. खोलीत काही वाजत नव्हतं. ओटा कोरडा, गॅसचा कॉक बंद, कुकर माळ्यावर. आणि ते वाक्य माझ्याच तोंडातून निघालं होतं, बावीस वर्षं कुठं दडून बसलं होतं कोण जाणे, शब्दाला शब्द तेच. मला वाटलं, पलीकडं लेक नव्हतीच. तू होतीस, बाजारात उभी, हातात रिकामी पिशवी.

तेव्हापासून फोन समोर आहे. ग्रुपवर लिहून ठेवलंय, "आज काहीच केलं नाही." धाडलेलं नाही. भीती कसली ते तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार. आपण उपाशी आहोत हे पोरांना कळेल याची नाही. कुणीतरी लगेच लिहील, बरं केलंस आई, आराम कर, याची. मुलगा लिहू शकतो, तो कामाच्या गडबडीत असतो. त्यात त्याची चूक नसेल. पण तू ते ऐकून फोन कसा टांगलास, घरापर्यंत कशी चालत गेलीस, दार लावलंस तेव्हा मांजर आत होतं की बाहेर, हे मला तेव्हा कळेल. इतकी वर्षं ते कळायला नको म्हणून मी लोकांच्या घरचं शिजवत राहिले, आधी पातेल्यात, मग फोनवर.

येसराचा तो डबा मी इथं आणला. आत जाळी धरली असेल, किडे झाले असतील, काय असेल ते असो, गाठ मी सोडलेली नाही. हा कागद घडी करून त्याच्या फडक्याखाली सारून ठेवीन. टपालात टाकायचा तर पत्ता कुठला लिहू.

एक सांगायचं राहिलं, आणि तेच सांगायला बसले होते. त्या शनिवारी कुकर लागलेला नव्हता, माय. डबे कधीच गेले होते. मी दाराशी पाय पसरून बसले होते, पंख्याखाली, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. तू आणखी एक वाक्य बोलली असतीस, तेवढं ऐकायला मला वेळ होता.

आता ती फोनवरची ओळ धाडते ग्रुपवर. धाडलं. लेकीच्या नावाखाली काहीतरी टिंबं हलताहेत, ती लिहितेय. काय लिहितेय ते यायच्या आत मी चष्मा काढून ठेवलाय. तू तेवढं लवकर उत्तर लिही, अण्णांकडून लिहून घे, दोन ओळी चालतील. आज तिकडं काय केलंय, ते खरं खरं कळव.