बावड्याच्या परसातली बांधणी

आई, बारामतीच्या आमच्या घरामागं जी चिंचोळी जागा आहे, तिथं यंदा टोमॅटो लावलेत. रोपं गुडघ्याच्या वर गेली, फुलं धरली आणि वाऱ्यानं एकेक करून सरीत लोळायला लागली, म्हणून गेल्या आठवड्यात बांधणीला घेतली. तुला हे सांगून काही उपयोग नाही, एवढं मला कळतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या लेकीला तुझा चेहरा आठवतो तो फोटोतलाच. पण बांधणी करताना जे कानावर पडलं त्यानं माझा पार गोंधळ उडालाय, आणि विचारायचं तर ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

लेक आली होती. पुण्याहून, एक बॅग आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन. मी दार उघडलं तर म्हणाली, "थोडे दिवस राहते," आणि सरळ आतल्या खोलीत गेली. तिच्या नवऱ्यानं बंगळूरची नोकरी पत्करली, पुण्यातलं घर सोडायचं ठरवलं, आणि हे तिला कळलं त्याच्या मित्राच्या बायकोकडून. हेही तिनं तिच्या बापाला सांगितलं, मला नाही. दोन दिवस मी तिच्या खोलीपुढून नुसत्या येरझाऱ्या घातल्या. चहा दे, कपडे उचल. तिसऱ्या दिवशी काही सुचेना म्हणून म्हणाले, "चल, मागं टोमॅटो बांधायचेत. एकटीनं होत नाही." बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे असंच कुणीतरी मलाही म्हणालं होतं.

तुला आठवत असेल तो दिवस. मी इंदापूरच्या सासरहून पिशवी घेऊन बावड्याला माहेरी आले होते. सासूनं कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी समोर उभी असले तरी भिंतीकडं बघून "सांगा तिला" म्हणायची. त्या सकाळी पाहुण्यांसमोर तिनं मी केलेला चहा अंगणात ओतून दिला, आणि हे शेजारी बसून चपलेचा अंगठा चाचपत राहिले. मी तशीच निघाले. तू परसात पहार घेऊन खड्डा खणत होतीस. माझ्याकडं बघितलंस, पिशवीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बरं झालं आलीस. डांब धर." पाणीसुद्धा मीच आत जाऊन प्यायले. मग दिवसभर आपण ती बांधणी केली. कडेचा लाकडी डांब बाहेरच्या अंगाला कलता रोवायचा, म्हणजे तार ओढली की तो उभा येतो. सुतळी खोडाला काचते म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडायच्या, आणि गाठ अशी सैल मारायची की आत करंगळी फिरली पाहिजे. तू हे सगळं सांगत होतीस आणि मी वाट बघत होते, की आता विचारेल, आता विचारेल. तू विचारलंस ते एवढंच, "तार ताणली का?" दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला स्टँडवर नेलंस, इंदापूरच्या गाडीत बसवलंस, हातात टोमॅटोची पिशवी दिलीस आणि म्हणालीस, "सासूला दे." गाडी हलेपर्यंत तू उभी होतीस. मी खिडकीतून बघितलं नाही.

तर गेल्या आठवड्यात मी आणि लेक डांब रोवत होतो. हे रिटायर झाल्यापासून आमच्या कामात फक्त सल्ला देतात, पण त्या दिवशी तार ओढायला आले. पट्ट्या फाडता फाडता लेक म्हणाली, "हे सगळं तुला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "तुझ्या आजीनं. मला दिवसभर राबवलं आणि सकाळी गाडीत कोंबून परत पाठवलं."

"मग?"

"मग काय. गेले."

हे तारेला पीळ देत होते. मान वर न करता म्हणाले, "तेवढंच न्हाय काय. मागनं म्हातारी आली होती की."

मी विचारलं, कोण म्हातारी? तर म्हणाले, "तुझी आई. तू दळणाला गेली होतीस. मी आन् आमची आई कांद्यात होतो. फाट्यापास्नं चालत आली. पाणी दिलं तर घेतलं न्हाय. आमच्या आईला म्हणाली, पोरगी धाडली ती तुमच्या भरवशावर धाडलीय. पुन्यांदा आली तर मी तिला गाडीत बसवणार न्हाय, माझ्या घरात तिला जागा हाय. आन् मला म्हणाली, जावईबापू, तुमाला तोंड हाय न्हवं?"

लेक हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. मी यांना म्हणाले, "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" तर शांतपणे म्हणाले, "म्हातारीनंच सांगितलं होतं, तिला बोलू नका म्हणून. तिला कळलं तर उद्याच येऊन बसंल, म्हणाली."

आई, मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि उगाच कोथिंबीर निवडली. सासू त्यानंतर बोलायला लागली होती हे खरं. आधी तुटक, मग हळूहळू सरळ. मी समजत होते, ते माझ्या सोसण्यानं झालं. लेकीच्या लग्नात तिला मी हेच सांगितलं, की धीर धरला की माणसं वळतात. म्हणजे ते तुझं काम होतं तर. आणि मी इतकी वर्षं मनात धरून होते, की तू मला दारातून परत लावलंस. दिवाळीला यायचे तेव्हा पाहुण्यासारखी दोन दिवस राहून निघायचे, आणि तू "राहा गं अजून" म्हणालीस की मला राग यायचा. आता कळल्यावर बरं वाटायला हवं. थोडं वाटतंही. पण त्याच्या मागोमाग वाटतं, की तू सासूशी बोललीस, जावयाशी बोललीस, मग माझ्याशी का नाही? माझ्या घरात जागा आहे, हे वाक्य ऐकायची गरज तिला होती की मला? कधी वाटतं तू फार शहाणी होतीस. कधी वाटतं तू घाबरली होतीस. दोन्ही एकदम असतं का?

दुसऱ्या दिवशी लेक आणि मी रोपांना पट्ट्या बांधत होतो. तिच्यासाठी काहीतरी करावं म्हणून मी म्हणाले, "मी येते पुण्याला. बोलते जावयाशी." ती एकदम थांबली. "आई, आजीसारखं नको करू. कुणाशी बोलू नको. मला विचार."

"काय विचारू?"

"मला काय पाहिजे ते."

म्हणून विचारलं. आई, एवढंच विचारलं, आणि ती तिथंच मातीत बसून कितीतरी वेळ बोलली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. तिला नवरा पाहिजे, बंगळूर नको. तिला तिची नोकरी पाहिजे. राग घराचा नाही, न विचारल्याचा आहे. रविवारी जावई आला. ती दोघं दुपारभर मागच्या पायरीवर बसून बोलली, आम्ही दोघं टीव्हीचा आवाज कमी करून आत बसलो. शेवटी ठरलं ते असं, की तो जाईल, ती पुण्यातच राहील, मग बघू. याला नांदणं म्हणायचं की वेगळं राहणं, मला सांगता येत नाही. शेजारीण विचारते तेव्हा मी विषय बदलते. पण लेक जाताना हलकी दिसली, आणि गाडीच्या खिडकीतून वळून तिनं हात केला.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून खरं तेच लिहिते. लेकीला विचारल्यापासून मी घोकतेय, की तू मला का विचारलं नाहीस. पण त्या दिवशी पहार बाजूला ठेवून तू विचारलं असतंस, पोरी तुला काय पाहिजे, तर मी काय म्हणाले असते, ते मला आजही माहीत नाही.