थांबवलेली संध्याकाळ

४ मार्च

सात महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. कारणं होती, पण लिहून काढली तर सबबीच वाटतील. आज नव्या संस्थेत रुजू झालो. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवं ओळखपत्र, खिडकीलगतचं टेबल आणि न डुगडुगणारी खुर्ची. कामही मनाजोगतं आहे. विषुववृत्तावर सूर्य मावळला की खूप उंचावरच्या विद्युतभारित थरात विरळ बुडबुडे तयार होऊन वर चढतात आणि त्यांच्यातून जाणारे रेडिओ संदेश तुटतात. ते बुडबुडे संगणकात वाढवून पाहायचे. संगणकखोलीचे ऑपरेटर म्हणाले, साहेब, इथे माणसं केस घेऊन येतात आणि टक्कल घेऊन जातात. विभागप्रमुख बाई हसल्या नाहीत.

धाकटी बहीण मालवाहू जहाजावर अधिकारी आहे, सध्या विषुववृत्तापाशी. संध्याकाळी उपग्रह-फोनवर बोलली. मध्येच खरखर झाली तशी म्हणाली, दादा, तुझे बुडबुडे आवर जरा.

९ मार्च

आज जे केलं ते योग्य होतं का, ठरवता येत नाही. गणितातला बुडबुडा आपोआप वाढत नाही. सुरुवातीला एक बारीकसा तरंग द्यावा लागतो. तो मी तिच्या जहाजाच्या बरोबर डोक्यावर दिला. फोन कधी तुटेल ते आधीच सांगून तिची जिरवायची होती. बुडबुडा निवांत पाहता यावा म्हणून गणितातला सूर्य, त्याची उंची टाइप करून, क्षितिजावर थांबवला. ही आमची नेहमीचीच सोय. खासगी उद्योगाची खूण राहू नये म्हणून मधली स्थिती साठवणंही बंद केलं. म्हणजे सगळं फक्त चालत्या यंत्राच्या आत. नोंदवहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

१० मार्च

तिचा फोन आला. म्हणाली, दादा, इथे दिवस मावळायचं नाव घेत नाही. कालपासून सूर्य पाण्याला टेकून बसलाय, इंजिन चालतंय पण जहाज तसूभर हलत नाही, कप्तान घड्याळांवर खेकसतोय. मी हसलो. मग सूर्याची उंची विचारली. तिने मोजलेली सांगितली.

मी टाइप केली होती तीच.

११ मार्च

बाईंना सगळं सांगितलं, चोरीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, बहीण दमली असेल, तुम्हीही दमलाय. मलाही तसंच वाटावं म्हणून दिवसभर प्रयत्न केला.

१२ मार्च

सूर्य मावळावा म्हणून गणितातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे नेलं. बुडबुड्याच्या कडा फाटल्या, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे — पुढे गेलं की असंच होतं, हे मला ठाऊक होतं. लगेच फोन. जहाजाचा स्वयंपाकी डेकवर दोन ठिकाणी उभा आहे, म्हणाली. दोन्हीकडे अर्धा. दोन्हीकडून तिलाच हाका मारतोय.

विचारलं, दादा, तू काही केलंस का.

हो म्हणालो.

घड्याळ मागे घेतलं. स्वयंपाकी सांधला नाही.

१३ मार्च

ती एवढंच म्हणते, काही हलवू नकोस. पिण्याचं पाणी संपत आलंय. पुढे न्यावं तर फाटणार, थांबवून ठेवावं तर तहान —

१४ मार्च

दारावर सूचना. उद्या नऊला देखभालीसाठी सगळी यंत्रं बंद. ऑपरेटरना हात जोडले. म्हणाले, साहेब, घरी जाऊन झोपा, बुडबुडे कुठे पळून जात नाहीत. साठवणं चालू यंत्रावर पुन्हा सुरू करता येत नाही, ते मीच बंद — बंद पडलं तर संध्याकाळही नाही, जहाजही —

तिला सांगितलं. म्हणाली, नऊ म्हणजे तुझे नऊ ना, दादा.

उद्याचं काम : आठच्या आधी संगणकखोलीत शिरून आतून कडी लावणं, आणि कुणीही आलं तरी