लूनचा दोष कुणाच्या नावावर

१२ ऑक्टोबर २००४, डुलुथ
ग्रॅनाइटमध्ये, संगणक चालवणाऱ्या आमच्या सिस्टीममध्ये, सुरक्षेचं भगदाड सापडलं. पिलारने फोनवर दुजोरा दिला — या सिस्टीमची सीडी तीच काढते. ईमेलला अवाढव्य लांब नावाची फाइल जोडली, की पाठवणारा अख्ख्या संगणकात शिरतो. शिरतो लूनमधून. लून, ईमेल वाचायचा प्रोग्राम. मॅरेनने लिहिलेला.
मॅरेन गेली त्याला वर्ष होईल. ग्रॅनाइटचा गाभा, ज्याच्या आधाराने बाकीचे सगळे प्रोग्राम चालतात, तो तिच्या नवऱ्याने, एव्हरेटने लिहिलेला. त्याला कुणी सांगायचं?

१३ ऑक्टोबर
पिलारनेच सांगितलं.
कुठल्या सिस्टीममध्ये किती भगदाडं, याचा तक्ता मी दर ऑक्टोबरात छापते. मोठ्या कंपन्या प्रोग्राममधली भगदाडं मोजू देत नाहीत — ती सिस्टीमची नव्हेत म्हणतात. एव्हरेट त्यावर हसायचा. "जे आपल्या सीडीवर, ते आपलं. उद्या म्हणतील, खिडकी शेजाऱ्याची!" त्यामुळे ग्रॅनाइटचाच आकडा फुगायचा. मॅरेन विणता विणता म्हणायची, "छाप गं. त्याला हरायला आवडतं."

१५ ऑक्टोबर
एव्हरेटकडे सूप घेऊन गेले. तसंच राहिलं. पिलारने दोन वाटा दिल्यात: लून दुरुस्त करायचा, नाहीतर सीडीवरून काढायचा. दुरुस्तीसाठी मॅरेनचा कोड उघडावा लागेल.
"तिच्या टिपा आहेत त्यात," तो म्हणाला. "ओळीओळीला. मला उद्देशून."
मग — "लून काढ म्हणून सांगितलंय पिलारला."
आणि माझा तक्ता?
"लूनच्या नावावर टाक."
तो खिडकीतून तळ्याकडे बघत होता. मी वाद घातला नाही.

१८ ऑक्टोबर
छापलं. ग्रॅनाइट — एकही नाही. लून — एक. सीड्या आज टपालात पडल्या. ग्रॅनाइट पहिल्यांदाच सगळ्यांच्या वर! एव्हरेटचा फोन नाही.

२२ ऑक्टोबर
पिलारचा फोन. विनिपेगच्या कुणीतरी तीच फाइल दुसऱ्या प्रोग्राममधून उघडून पाहिली — तिथूनही आत शिरता येतं. भगदाड गाभ्यात आहे. एव्हरेटच्या. लून फक्त फाइलचं नाव गाभ्याकडे सोपवत होता.
एव्हरेटने आज लूनचा कोड उघडला. त्या जागची टीप मला फोनवर वाचून दाखवली: "एव्ह, लांब नावं तू तपासतोस ना? मी तुझ्यावर सोडतेय."
सोमवारी तक्त्याची दुरुस्ती छापायची. ग्रॅनाइट — एक. पुढची सीडी वसंतात. तोवर लून सीडीबाहेरच.