कुकी दिल्यावर दार बंद होतं, त्यापुढचं

सन्माननीय व्याहीबुवा,

आपणांस आणि विहीणबाईंना आम्हां सर्वांचा, ओव्हनच्या तोंडाशी उभं राहून केलेला, गरमागरम नमस्कार. आपला गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? मागच्या वेळी मला तो दिवाणखान्यातून ऐकू आला होता. (सगळं आयुष्य पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे माणूस भेटला की चेहऱ्याआधी मला त्याचे सांधे कळतात. त्याला इलाज नाही.) विहीणबाईंचा खोकला थांबला असेल. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त बसायला जागा नाही.

त्याचं असं झालं, की तुमच्या लेकीचा, म्हणजे आमच्या सूनबाईचा, धंदा वाढला. रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सोडून तिने कुकीज भाजायला घेतल्या, तेव्हा सगळा कारभार ओट्यावर मावत होता. आता दुसरा ओव्हन हॉलमध्ये आहे आणि सोफा गॅलरीत. पाहुणे आले तर त्यांना मैद्याच्या पोत्यावर बसवतो आणि निघताना झटकून देतो. तुमचे जावई फोनवर ऑर्डरी घेतात, आमची ही खोक्यांना फिती बांधते (इतक्या घट्ट, की गिऱ्हाईक आधी दमतं आणि मग खातं), आणि घरपोच देण्याचं काम माझं आणि माझ्या स्कूटरचं. आता कोपऱ्यावरचं बंद पडलेलं चपलांचं दुकान भाड्याने मिळतंय. मालकाला सोमवारपर्यंत उत्तर हवंय. सूनबाईने मापं घेतली, मोठा ओव्हन कुठे बसेल ते फरशीवर खडूने आखून आली, आणि तिथेच अडली. कारण तुम्हाला माहीत आहे. 'एवढं शिकवलं ते काय बिस्किटं भाजायला?' असं तुम्ही आमच्याच जेवणाच्या टेबलावर विचारलं होतंत, आणि पोर अजून त्याचं उत्तर शोधते आहे. मधूनच म्हणते, 'बाबा काय म्हणतील?' मलाही ती बाबाच म्हणते, म्हणून मी लगेच सांगतो, 'मी काहीच म्हणत नाही, घेऊन टाक.' तर म्हणते, 'तुम्ही नाही हो, ते बाबा.' असो.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. माझ्यावर एक अन्याय झालाय, तो तुमच्या कानावर घालायचा आहे.

मला पहिल्यापासून एक कुतूहल होतं. आपण खोकं हातात देतो, माणूस 'थँक्यू' म्हणतो, दार बंद होतं. पुढे काय? पंपाचं बरं असतं. दुरुस्त केला की समोरच पाणी येतं, आपण त्यातच हात धुतो आणि निघतो. कुकीचं खरं काम मात्र आपण वळल्यावर सुरू होतं. एकदा बुटाची नाडी बांधायला म्हणून मी एका दाराशी वाकलो (बूट बिननाडीचे होते, हे मागाहून लक्षात आलं) आणि आतून स्वच्छ आवाज आला. कट्. मग शांतता. मग, 'अगं, आधी हे खाऊन बघ, फोन ठेव तो!' व्याहीबुवा, त्या दिवशी मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. तेव्हापासून दर दाराशी जरा रेंगाळायचं ठरवलं. माणसं किती तऱ्हांनी खातात! कोणी आधी नुसता वास घेत बसतं. कोणी अर्धी मोडून उरलेली डब्यात ठेवतं, झाकण लावतं, आणि लगेच पुन्हा झाकण वाजतं. एका जोडप्याचं आपसात बोलणं बंद आहे. दोघं वेगवेगळी ऑर्डर देतात, वेगवेगळ्या खोल्यांत बसून खातात, पण एक जण चावायचं थांबलं की दुसरंही थांबतं. का थांबत असतील? मी त्यावर बराच विचार केला, अजून उलगडा होत नाही.

आणि हे नुसतं रिकामपण नव्हतं बरं का, यातून धंदा वाढला. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या दाराआडून रोज एकच आवाज यायचा. डुबुक, मग 'गेली मेली!', मग कपात चमचा खणखणायचा. म्हणजे कुकी चहात बुडवली की तुटून तळाशी. मी घरी येऊन सूनबाईला म्हटलं, चहात टिकेल अशी जरा जाड काढ. ती म्हणाली, 'बाबा, तुम्हाला कसं कळलं?' मी म्हटलं, 'अनुभव.' तिने तीन-चार घाणे फुकट घालवले, कपात बुडवून बुडवून पाहिल्या (त्या दिवसांत आमचं सगळं घर चहा पिऊन टक्क जागं होतं), आणि जमवलीच. मुख्याध्यापिकाबाईंनी ती त्यांच्या जुन्या शिक्षकमंडळींना सांगितली. आता अर्धा रस्ता तीच मागवतो. हॉलमधला ओव्हन त्या एका डुबुकवर आला आहे.

घात केला तो एका वकिलांच्या दाराने. आतून काहीच ऐकू येईना, म्हणून मी कान जरा जास्त टेकला, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी दार उघडलं. मी आधी, माझ्यामागून खोकी, असे आम्ही सगळे त्यांच्या पायपुसण्यावर. 'काय चाललंय काय हे?' वकील कडाडले. मी पडल्यापडल्या म्हटलं, 'तुमचा फ्रीज ऐकतोय.' आणि खरोखरच तो फ्रीज दम्याच्या माणसासारखा धापा टाकत होता. मग काय, तो दुरुस्त करूनच सुटका झाली. वकील खूश. इतके खूश, की त्यांनी सूनबाईला फोन करून माझं तोंडभर कौतुक केलं, की तुमचा माणूस बंद दाराबाहेरून फ्रीजचा आजार ओळखतो! सूनबाई पडली प्रयोगशाळेतली. बंद दार, आतला फ्रीज आणि माझा अनुभव यांचा तिने क्षणात मेळ घातला. त्यातच दुसऱ्या दिवशी एक ऑर्डर आली, 'एक खोकं चॉकलेटचं, आणि काकांना पाना आणायला सांगा.'

स्कूटरची किल्ली काढून घेतली हो माझी! मी आता तुटक्या कुकीज वेगळ्या काढत बसतो. माझ्या जागी एक धडधाकट बाई ठेवल्यात. त्या खोकं देतात आणि सरळ जिना उतरतात. कुतूहल नावाला नाही. फक्त तुमच्याकडचा डबा पोचवण्याचं काम माझ्याकडे राहिलंय, कारण व्याह्यांच्या दाराला कोणी कान लावत नाही, असा सूनबाईचा विश्वास आहे. तरी आपण वडिलकीच्या नात्याने माझ्यासाठी तिच्याकडे एक शब्द टाकावा. मी पूर्ण सुधारलो आहे. दार बंद झालं की दोन्ही कान घेऊन सरळ खाली येतो.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
स्कूटरविना व्याही

ता. क. : सूनबाई उद्या दुकानमालकाला नकार कळवणार आहे. मघाशी तुमच्या जावयांना सांगत होती, 'बाबांना पटत नसेल तर मन लागणार नाही माझं.' (स्वयंपाकघराला दार नाही, त्यामुळे हे ऐकण्यात धरू नये.)

आणखी ता. क. : परवा तुम्ही डबा घेतलात, 'मला गोड चालत नाही' म्हणालात आणि दार लावलंत. मला जरा दम लागला म्हणून टेकलो. टेकायला जवळ तुमचंच दार होतं. आतून कट् झालं. मग पुन्हा कट्. विहीणबाई म्हणाल्या, 'अहो, तुम्हाला चालत नाही ना गोड?' तुम्ही म्हणालात, 'गप्प बस गं. हे बघ, कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ. असा हात शिकवून येत नाही. पोरीने कमाल केली.' त्या म्हणाल्या, 'मग सांगा की तिला.' त्यावर आणखी एकदा कट् झालं. मग म्हणालात, 'आता कुठल्या तोंडाने सांगू?'

शेवटचा ता. क. : त्याच तोंडाने सांगा, व्याहीबुवा. परवा छान बोललात. पोस्टाने पत्र यायला सोमवार उलटेल, म्हणून मीच बसने आलोय आणि हे दाराखालून सरकवतोय. वाचून झालं की लगेच फोन लावा. जरा मोठ्याने बोला, मी जिन्यातच आहे.