कुंकू लावलेली रायफल

तीर्थरूप पांडूकाका यांच्या पायांवर पुतणी अंकिता, महिला पोलीस शिपाई, हिचा टोपी काढून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? साळूकाकू तेल लावून देतात ना? वरंधला आता गारवा पडला असेल, तेव्हा पहाटे अंगणात उघड्या अंगाने कवायत करू नये ही विनंती (ऐकणार नाही हे माहीत आहे). मी महाडात मजेत. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ठेव" म्हणून फोन ठेवता, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले.

परवाच्या फायरिंगचं सविस्तर सांगते. एस.एल.आर. रायफलीत चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप आत येते, हे बावीस वर्षं फौजेत हत्यारं दुरुस्त केलेल्या माणसाला सांगायला नको; पण माझ्या रायफलीला कुणीतरी सांगायला हवं होतं. पहिली गोळी गेली आणि पुंगळी आतच अडकली. ओढून काढली. दुसरीचं तेच. दहा गोळ्यांत दहा वेळा ओढाओढ, आणि निशाणावर दोन! साहेब म्हणाले, दुपारी एक शेवटची संधी, नाहीतर जिल्ह्याच्या स्पर्धेच्या यादीतून नाव कमी. (यादीत तालुक्यातली मी एकटीच मुलगी. बाबांनी पोलादपूरच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय.) मी आधी गोळ्यांना दोष दिला, मग वाऱ्याला, मग शेजारी फायरिंग करणाऱ्या अरविंदच्या खोकल्याला. कुणीच दोष घेईना, तेव्हा तुम्हाला फोन केला.

तुम्ही विचारलंत, शेवटचं साफ कधी केलंस? दसऱ्याच्या आधी. तर काका, दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजन असतं आणि पूजा नीट मांडते म्हणून ते काम माझ्याकडे. बाकीच्या रायफलींना मी बोटभर कुंकू लावलं. स्वतःच्या रायफलीला मात्र आपलेपणाने हळद, खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू आणि वरून मूठभर अक्षता. आणि पूजेचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं कसं, म्हणून पंधरा दिवस तसंच ठेवलं. यावर तुम्ही फौजेतली जी भाषा वापरलीत ती इथे लिहीत नाही (काकू पत्र मोठ्याने वाचतात). मग म्हणालात, "अगो, ज्या भोकातून बाराचा गॅस मागं येऊन पुंगळी भायेर ढकलतो तेच बुजलं असंल. आधी रिकामी हाय का नाय बघ, मगच खोल." अर्धा तास तुम्ही एकेक भाग सांगत होतात आणि मी पुसत होते. चिंधी लालभडक. गॅसच्या भोकात तेल-कुंकवाचा लगदा, त्यात घट्ट बसलेला एक तांदूळ. नेम धरायचं मागचं बारीक भोकही हळदीने अर्धं भरलेलं.

दुपारी रायफल चालली, काका! दहाच्या दहा पुंगळ्या टणाटण बाहेर (त्यातली एक गरमागरम अरविंदच्या कॉलरमधून आत, तो पालथा पडल्या पडल्याच नाचला). निशाणावर सहा. नाव राहिलं.

भरतीच्या वेळी घरात सगळे नको म्हणत होते, तेव्हा घाटाच्या रस्त्याला मी धावायचा सराव करताना माझ्यामागे सायकल घेऊन येणारे तुम्हीच होतात. परवाही भरल्या ताटावरून उठून फोन धरलात; वरण गार झालं म्हणून काकू मागून ओरडत होत्या ते मला ऐकू येत होतं. मला फार भरून आलं. तुमच्यामुळे ही वर्दी अंगावर आहे, हे मी कधीच विसरणार नाही.

तुमची
अंकिता

ता. क. रविवारी सुट्टी आहे, वरंधला येते. अंगणात पालथं पडून, हातात साधी काठी धरून, मला पहिल्यापासून नेम धरायला शिकवाल का? स्पर्धा वीस तारखेला आहे. काकूंना सांगा, भाजणीही न्यायची आहे.

ता. क. २. तुम्ही फोनवर शेवटी विचारलं होतंत, "चाप वढताना डोळं मिटतेस काय गो?" आणि मी "रेंज नाही" म्हणून फोन बंद केला. रेंज होती. मिटते काका, दोन्ही मिटते. त्या सहा गोळ्या निशाणावर कशा लागल्या, ते मलाही बघायला मिळालेलं नाही.