बॉडी माझी, लेन्स तुझी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात पाच-सहा अंगांपुढे मजल जात नाही, पण कागदावर आठही टेकली आहेत असं समज.) तुझा रक्तदाब ताब्यात आहे आणि डाव्या दाढेचं काम एकदाचं उरकलं, हे आईकडून कळलं. बरं वाटलं. वहिनींनाही नमस्कार सांग. आईला न्यायला त्या येतात तेव्हा गाडीतून उतरत नाहीत आणि मी खाली येत नाही, त्यामुळे त्यांची तब्येत मला चौथ्या मजल्यावरून दिसते तेवढीच ठाऊक आहे. तेवढ्यावरून तरी ठणठणीत वाटतात. माझं आपलं तेच चाललंय. लोकांच्या इमारतींत जातो, लिफ्टनं वर जातो, खाली येतो, दोर तपासतो, सही करतो. गेल्या चार वर्षांत आपण बोललो ते फक्त रविवारी, तुझा फोन चुकून मी उचलला तर. तू म्हणतोस "आईला दे", मी म्हणतो "देतो". हे संभाषण आता दोघांना इतकं पाठ झालंय की त्यात आणखी एखादं वाक्य घालावं असं कुणालाच सुचत नाही. तेव्हा पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळावर आठी चढली असणार. चढू दे. विषय बाबांच्या कॅमेऱ्याचा आहे.

झालेलं सगळं तुला आठवत असेलच, पण माझ्या बाजूनं ते एकदा लिहून काढायचं होतं. बाबा गेल्यावर घर, कपाटं, पुस्तकं कशावरून आपलं वाजलं नाही. वाजलं ते या कॅमेऱ्यावरून. तुझं म्हणणं, मी थोरला. माझं म्हणणं, शेवटच्या आजारात त्याच्या बॅटऱ्या कोण आणत होतं? मग आपण काकांकडे न्याय मागितला. जो माणूस वजनमापं खात्यात पस्तीस वर्षं दुकानदारांची मापं तपासत होता, त्याच्याकडे आपण न्याय मागायला गेलो, म्हणजे आपली अक्कल तेव्हाच दिसली. काकांनी वजनकाटा मागवला. बॉडी भरली सहाशे ऐंशी ग्रॅम आणि दोन्ही लेन्स मिळून सहाशे चाळीस. वरच्या चाळीस ग्रॅमनी काका कासावीस झाले. शेवटी गळ्यात अडकवायचा पट्टा सोडवून लेन्सच्या बाजूला टाकला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. बॉडी मला, लेन्स आणि पट्टा तुला. अन्याय कुणावर नाही, आणि फोटो कुणालाच काढता यायचा नाही. आपल्यापैकी एकानं जरी "जाऊ दे, तूच ने सगळं" म्हटलं असतं तरी तिथं मिटलं असतं. पण दोघांनी मुकाट्यानं आपापला वाटा उचलला. मी कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण बसवून तो एका लोकरीच्या मोज्यात घालून ठेवला. (धुतलेल्या.)

गेल्या महिन्यात आईनं माझं कपाट आवरायला काढलं. (मी नको म्हणत होतो, पण तिच्यापुढे कुणाचं चाललंय?) त्यात मोजा निघाला, मोज्यातून कॅमेरा निघाला. चालतो का बघ म्हणाली, म्हणून बॅटऱ्या घातल्या. वरच्या इवल्याशा पडद्यावर आकडा उमटला, एकतीस. दादा, मी पलंगावर बसलोच. आत रोल होता. छत्तीसातले एकतीस फोटो बाबांनी काढलेले होते आणि पाच शिल्लक होते. त्या एकतीसांत काय आहे ते आईलाही माहीत नाही. आत्ता धुऊन आणतो म्हणून मी उठलो, तर आई दारात आडवी आली. बाबांचा कायदा तुला ठाऊक आहे, छत्तीस भरल्याशिवाय रोल बाहेर काढायचा नाही. त्या कायद्यापायी माझ्या सहाव्या वाढदिवसाचे फोटो आपण सातव्या वाढदिवसाला पाहिले, आणि तू कॉलेजात नाव घातलंस त्या रोलवर तुझी मिशी फुटली, वाढली आणि काढूनही झाली. आई म्हणाली, पाच फोटो काढ आणि मग ने. मला बघायचेत, लवकर बघायचेत. हे तिनं दोनदा सांगितलं. ती एरवी काहीही दोनदा सांगत नाही. एवंच, मला या कॅमेऱ्यासाठी एक लेन्स हवी होती, आणि तीही ऑटोफोकस. (ऑटोफोकसच का, हातानं फिरवून का जमत नाही, हे तू विचारणारच. खाली सांगतो. तुझ्याकडे दोन लेन्स पडून आहेत हेही माझ्या ध्यानात होतं. चार वर्षं ध्यानातच आहे.)

बाजाराच्या मागच्या गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. पांढरा कोट घालतात म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. खोली एवढीशी, गिऱ्हाईक आत आलं की डॉक्टरांना स्टूल पोटाशी ओढून घ्यावं लागतं. त्यांना न विचारता मी शहाणपणा करून आधी मोठ्या दुकानातून एक कोरी करकरीत लेन्स आणली. बसली अगदी खट्‌कन. बटण अर्धं दाबलं, काही नाही. पूर्ण दाबलं, तरी काही नाही. कॅमेरा ढिम्म. आमच्या खात्यात लिफ्ट अशी वागली तर मी दारावर लाल चिठ्ठी चिकटवून मोकळा होतो. इथं निमूटपणे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं ते असं की, या जुन्या कॅमेऱ्याची मोटर त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. तोंडापाशी पेचकसासारखं एक टोक आहे, ते फिरतं आणि लेन्सला फिरवतं. नव्या लेन्सच्या पोटात त्यांची स्वतःची मोटर असते, त्यांना फक्त विजेचा हुकूम लागतो, आणि असा हुकूम देणं या कॅमेऱ्याच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही. मला पटलं. आपल्या घरात तरी वेगळं काय आहे? प्रत्येकाच्या पोटात मोटर, हलत कुणीच नाही. आणि हे समजावता समजावता डॉक्टरांनी स्वतःची एक लेन्स चढवली, कॅमेरा वर धरला आणि चाचणी म्हणून चक्क बटण दाबलं! मी ओरडलो तोवर पडद्यावर बत्तीस आलं होतं. बाबांच्या रोलवर आता डॉक्टरांचा छताचा पंखा आहे. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, पण माझा असा संताप झाला की चहा न घेताच निघालो.

दोन दिवसांनी राग गिळून परत गेलो. (त्यांचा चहा चांगला असतो.) या खेपेला त्यांनी पेचकसानं फिरणारी लेन्स दिली, हलकी, स्वस्त. तिच्यात एकच गोम होती. उजेड किती आत घ्यायचा ते ठरवायचं कडं तिच्यावर नव्हतं, ते काम पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्यांकडे गेलेलं. बघा प्रयत्न करून, म्हणाले. घरी आईला खिडकीपाशी बसवलं. ती नवी साडी नेसली, केस नीट केले, हसलीसुद्धा. लेन्स कर्रकर्र करत पुढे-मागे झाली, फोकस साधला, मी बटण दाबलं. तेहतीस. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, कडं नसलं की हा कॅमेरा लेन्सचं भोक पार बारीक करून टाकतो, त्या चौकटीत काळोखाशिवाय काही नसणार. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, साडी फुकट गेली.

तिसरी लेन्स सर्वगुणसंपन्न होती. पेचकस होता, कडं होतं. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरून मला आत बघायला लावलं, तर भिंगात पांढरी मुळं पसरलेली. बुरशी! कुणीतरी वर्षानुवर्षं बंद पेटीत ठेवली होती, वापरली नाही, वारा दाखवला नाही. वापरत नसाल तर निदान महिन्यातून एकदा बाहेर काढून ठेवावी, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या लेन्स कुठल्या कपाटात असतात, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी पण दादा, काढून बघ.

तेव्हा सध्या तीन फोटो शिल्लक आहेत आणि एकही चुकवायची माझी छाती नाही. माझी विनंती साधी आहे. बाबांची ती आखूड, काळी लेन्स तुझ्याकडे आहे, तिच्यावर कडं आहे का, आणि मागच्या बाजूला पेचकसाची खाच आहे का, एवढं एका ओळीत कळव. म्हणजे तशीच दुसरी कुठे मिळते का ते शोधायला मी मोकळा. बाकी सर्व क्षेम. वहिनींना सांग, गाडीचा मागचा उजवा दिवा बंद आहे. तो वरूनही दिसतो.

तुझा धाकटा

ता. क. वरची विनंती खोडली असं समज. बाबांच्या लेन्सवर कडं आहे, ते मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? लहानपणी ते फिरवल्याबद्दल मार मीच खाल्लाय. मला तीच लेन्स हवी आहे. पार्सलनं पाठवू नकोस, काच आहे. आणि वहिनींबरोबर खालच्या खाली देऊ नकोस. तू घेऊन ये. वर, चौथ्या मजल्यापर्यंत. लिफ्ट मी तपासलेली आहे.

ता. क. २. ऑटोफोकस का, ते राहिलंच. फोटो मी काढणार नाही. उरलेल्या तिन्हीत तुला आणि मला एका बाकावर बसवून आई स्वतः काढणार आहे. बाबांनी हा कॅमेरा मुळात तिच्यासाठी घेतला होता, नुसतं बटण दाबायचं म्हणून. आणि जन्मात तिच्या हातात दिला नाही. तिचे हात आता थरथरतात, नजरही अधू झाली आहे, तेव्हा भिंग फिरवायचं काम कॅमेऱ्यालाच करावं लागेल. गळ्यात पट्टा असल्याशिवाय ती कॅमेरा हातात घेणार नाही म्हणते, तर तोही आण. काकांना बोलू नकोस, त्यांचं माप बिघडेल.

ता. क. ३. डॉक्टर म्हणाले, रोल इतकी वर्षं उकाड्यात पडून होता, त्यावर बाबांचं किंवा आपलं काही उमटेलच याची खात्री नाही, सगळा कोराही निघेल. हे मी घाबरत घाबरत आईला सांगितलं. ती म्हणाली, ते मला केव्हाचं ठाऊक आहे, फक्त दादाला कळवू नकोस, नाहीतर तो यायचा नाही. म्हणून हे तुला कळवलेलं नाही.