नऊ फुल्या

४ मार्च
पाण्याच्या नकाशाचं काम आलं! वस्तीतले एक्केचाळीस हातपंप, त्यातल्या नऊंच्या पाण्यात शेजारच्या कारखान्याचं शिसं. पाणी तपासणाऱ्या बाईंनी आकड्यांची जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. लोकांना एका नजरेत कळलं पाहिजे, म्हणाल्या. ताईचं घर याच वस्तीत, आणि तिला सातवा महिना लागलाय. मन लावून करायचं.

९ मार्च
लाल ठिपके नऊ, हिरवे बत्तीस. खाली सूचना — लाल ठिपक्याचं पाणी पिऊ नका. दोन्ही रंग तोलूनमापून घेतले, कुठलाच दुसऱ्यापेक्षा गडद नाही. नकाशा कसा शांत दिसतो! बाई म्हणाल्या, लाल ठिपक्यांवर फुली मारा. फुली? शाळेच्या वहीसारखं दिसेल. लाल म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं शहाणपण पाजळलं. त्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्यातलं कळतं."

१० मार्च
फाइल छापखान्यात गेली. करडं करून, म्हणजे रंग काढून कसं दिसतं ते, बघायचं राहिलं. जाऊ दे, रंगीतच तर छापायचंय.

१९ मार्च
नकाशा चौकात लागलाय. तीनदा जाऊन पाहिलं. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

११ एप्रिल
ताईकडे गेले. स्वयंपाकघराच्या दारावर माझा नकाशा — झेरॉक्स! पालिकेच्या कचेरीनं घरोघर वाटायला बाराशे काळ्यापांढऱ्या प्रती काढल्या म्हणे. एक्केचाळीस ठिपके, सगळे एकसारखे करडे. माझे तोलूनमापून घेतलेले रंग.

ताई शेजारणीला कौतुकानं सांगत होती, हे माझ्या बहिणीनं केलंय. मी विचारलं, पाणी कुठून भरतेस? मागच्या पंपावरून, म्हणाली. कारखान्याच्या भीतीनं आधी लांब जायची, आता पोट घेऊन चालवत नाही. "आणि तुझ्या कागदात लाल तर एकही नाही."

मागचा पंप नऊंतला. मला ते नऊ तोंडपाठ आहेत. तिनं पुढे केलेला पेला मी मोरीत ओतला. तो पंप वाईट आहे, एवढंच सांगितलं.

१२ एप्रिल
आज करडं करून पाहिलं. एक बटण. शिकताना सरांनी घोकवून घेतलं होतं — कागद बाहेर पडला की त्याची झेरॉक्स निघणारच. दर कामाला करते. याच कामाला नाही.

बाईंना फोन केला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल
ताईच्या रक्ताचा अहवाल आला. शिसं आहे. ते बाळापर्यंत पोचतं, डॉक्टर म्हणाले. किती त्रास होईल ते आत्ता सांगता येत नाही, जन्मल्यावर बघू.

"बघू म्हणजे?" ताईनं विचारलं. डॉक्टर कागद चाळत राहिले. मला तिच्याकडे बघवेना.

१९ एप्रिल
नव्या प्रतींना कचेरीची मंजुरी यायला आठवडा लागेल. तोवर काळं मार्कर घेऊन घरोघर फिरते आहे. दर नकाशावर नऊ फुल्या. आज त्रेसष्ट घरं झाली. फुली मारायला क्षणभर लागतो. वाईट दिसत नाही.

२० एप्रिल
ताई ऐकेना, तीही मार्कर घेऊन आली. चौथ्या घरात हात थांबवून म्हणाली, "आधीच का नव्हत्या गं मारल्या?"

"छापखान्याची चूक," मी म्हणाले.

तिनं छापखान्याला तळतळून शिव्या घातल्या. मी मान डोलावली.